पायरीचा चिरा

रेवदंड्याच्या किल्ल्यात माझ्या मावशीची वाडी आहे. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, कारण किल्ला म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे डोंगरावरचा ओसाड बुरूज येतो. रेवदंड्याला रस्ता तटबंदीतून आत शिरतो आणि आत नारळी-पोफळी, विहिरी, कौलारू घरं, वाळत घातलेल्या सुपाऱ्या असं सगळं नांदतं गाव आहे. मध्येच एखादी पोर्तुगीज भिंत उभी असते. पोफळींच्या वर सातखणी मनोरा दिसतो. मावशीच्या वाडीची एक कड म्हणजे अशीच एक जुनी भिंत. तिच्यावर मिरवेल चढलाय आणि भिंतीतल्या कमानीच्या खिडकीत बसून आम्ही मुलं दुपारभर आवळे खायचो. ती कुणाच्या घराची खिडकी होती, असा प्रश्न तेव्हा पडला नाही.

पुढे पडला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये चौल-रेवदंडाही पोर्तुगिजांच्या हातून गेला. दोनशे वर्षांहून जुनं, चर्च, मठ, बाजार असलेलं तटबंदीतलं शहर रिकामं झालं. ज्यांच्याकडे गलबतं होती ते गोव्याकडे गेले. ज्यांना जायला जागाच नव्हती, ती गरीब ख्रिस्ती माणसं कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली जाऊन राहिली. त्यांचे वंशज अजून तिथे आहेत, आणि घरात अजून एक पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. अभ्यासक याचं कारण सांगतात की धर्मामुळे ही माणसं आजूबाजूच्यांपासून वेगळी राहिली आणि सत्ता गेल्यावर पोर्तुगिजांशीही संबंध सुटला. ते खरंच आहे. मला त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. ती सगळी एका जागी, एकमेकांच्या दारात राहिली. चार घरं इथे आणि दहा घरं तिथे अशी पांगली असती, तर दोन पिढ्यांत ती बोली संपली असती. भाषा टिकायला रोज सकाळी जिच्याशी भांडता येईल अशी शेजारीण लागते.

मी अलिबागला नकाशे काढते. घराचे, चाळींचे, लेआउटचे. सामासिक अंतरं, जोत्याची उंची, रस्त्याची रुंदी, परवानगीचे कागद, यात माझी वीस वर्षं गेली. या सगळ्या काळात मी घराच्या आतली जागा फार विचारपूर्वक आखली आणि दोन घरांमधली जागा नियमात बसली की पुढे गेले. ते चुकलं, हे मला २०२१ च्या पावसाळ्यानंतर कळलं.

त्या वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, वाशिष्ठीचं चिपळुणात. त्या भागातल्या आणखी एका वाडीच्या वरच्या डोंगराला भेगा गेल्या. वाडीचं नाव मी इथे घेत नाही. माणसं वाचली, पण घरं सोडावी लागली. काही दिवस शाळेत काढल्यावर त्यांना खालच्या सपाट माळावर कंटेनर मिळाले. माझी एक मैत्रीण तिथे मदतीला जात होती, तिच्याबरोबर मी गेले. पहिल्यांदा धान्य आणि चादरी घेऊन, नंतर मोजपट्टी घेऊन.

जुनी वाडी मी नंतर वर जाऊन पाहिली. डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने घरं, मधून दगडी पायऱ्यांची पाखाडी, पाखाडीच्या दोन्ही अंगांना गडगे. प्रत्येक घराची पडवी पाखाडीकडे तोंड करून. विहिरीवर जायचं तर सगळ्यांच्या पडव्यांसमोरून जायचं. कुणाकडे पाहुणा आलाय, कुणाची सून माहेराहून परतली, कोण चार दिवस दिसलं नाही, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. पाखाडीच सांगायची.

खाली माळावर कंटेनर ओळीने मांडले होते. पत्र्याची लांबट खोली, एका बाजूला दार, दोन खिडक्या, आणि जमिनीपासून दार एवढं वर की म्हाताऱ्या माणसाला चढताना चौकट धरावी लागे. सगळ्यांची दारं एकाच दिशेला. मांडणाऱ्याला ते सोपं पडतं. क्रेनने एक ठेवायचा, तसाच पुढचा. पण त्यामुळे प्रत्येकाच्या दारातून पुढच्या ओळीची पाठ दिसायची. पत्र्याची पांढरी, बिनखिडकीची पाठ. जन्मभर एकमेकांच्या तोंडासमोर राहिलेली माणसं एकमेकांच्या पाठीमागे राहायला लागली.

तिथे एक काकी होत्या. सत्तरीच्या आतबाहेर. मी त्यांना विचारलं, आत गरम होतं का, पाणी येतं का, नेहमीचे प्रश्न. त्यांनी सगळ्याला हो-नाही म्हटलं आणि मग स्वतःहून म्हणाल्या, "हाक मारायची तर तोंड कुनीकडं करायचं, तेच कळत नाय बाय."

मी घरी आल्यावर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात होतं.

तेव्हापासून मी रात्री बसून अशा वस्त्यांबद्दल वाचायला लागले. युद्धाने हलवलेली माणसं आणि डोंगराने हलवलेली माणसं यांच्या दुःखात फार फरक आहे, मी ती एका मापाने मोजत नाही. पण त्यांना जिथे नेऊन ठेवतात त्या जागा सगळीकडे सारख्याच असतात, कारण त्या आखणारे आम्हीच. सरळ ओळ, समान अंतर, क्रमांक.

जॉर्डनमध्ये सीरियाच्या सीमेजवळ झातारी नावाची सीरियन निर्वासितांची छावणी आहे. जुलै २०१२ मध्ये ती सुरू झाली, तंबूंची. मग तंबूंच्या जागी आपल्याकडच्यासारखे कंटेनर आले, त्यांना तिथे कॅरव्हान म्हणतात. सुरुवातीला तिथली संख्या लाखावर गेली होती, पुढे कित्येक वर्षं सुमारे ऐंशी हजार माणसं राहत होती असं धरलं जातं. आखणाऱ्यांनी कॅरव्हान ओळीत ठेवले होते. लोकांनी ते हलवले. कुंपणाचे खांब कापले, त्यांचे गाडे केले आणि त्यावरून आख्खी खोली ओढत नेऊन आपल्या गावच्या माणसांशेजारी ठेवली. बहुतेक जण सीरियातल्या दरआ भागातले. दोन-तीन कॅरव्हान काटकोनात लावून मध्ये अंगण तयार करायचं, वर ताडपत्री, कुणी कुणी तर त्या अंगणात छोटं कारंजंही केलं. सामायिक स्वयंपाकघरं बांधून दिली होती, ती बायकांनी नाकारली. त्यांचं सामान निघून घराघरात चुली झाल्या. मुख्य रस्त्यावर दुकानं उभी राहिली, वाढत वाढत तीन हजारांच्या घरात गेली. भाजी, कोंबड्या, मोबाइल, लग्नाचे भाड्याने मिळणारे पांढरे झगे. त्या रस्त्याला लोकांनी नाव दिलं 'शाम एलिझे'. शाम म्हणजे त्यांचा देश, आणि पॅरिसच्या 'शाँझ एलिझे' या प्रसिद्ध रस्त्याच्या नावाशी केलेला खेळ. आपल्या हाताने केलेल्या रस्त्यालाच माणूस असं लाडाचं नाव ठेवतो.

त्याच देशात २०१४ मध्ये दुसरी छावणी उघडली, अझ्रक. झातारीच्या गोंधळातून शिकून ती नीट आखली होती. पक्क्या पत्र्याची घरं, जमिनीत रोवलेली, हलवता न येणारी. वस्त्यांचे वेगवेगळे भाग, मध्ये वाळवंटाचे मोठे रिकामे पट्टे. कागदावर ती झातारीपेक्षा सरस होती, आणि मी तिचा नकाशा पाहिला तेव्हा व्यवसायाच्या सवयीने मला तो आवडलासुद्धा. पण शेजारच्या भागात नातेवाइकाकडे जायचं तर उन्हात ते रिकामे पट्टे ओलांडत चालायचं. वीज पुढे काही वर्षांनी, २०१७ च्या सुमारास सौर प्रकल्प झाला तेव्हा नीट पोचायला लागली. तोवर संध्याकाळ झाली की दार लावून घ्यायचं. झातारीत जी वर्दळ झाली, ती इथे झाली नाही. मी त्या नकाशात कुठे चूक आहे ते शोधत बसले होते. रेषेत चूक नव्हती. घर हलवायची मुभाच कुणाला नव्हती, आणि तसं नकाशात कुठे लिहिलेलं नसतं.

आपल्याकडेही असं आधी घडून गेलंय. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका-मुलं. ती माणसं गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतरची सिंधी कुटुंबं आली, आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. इकडे ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत नव्वद हजारांवर सिंधी माणसं आली. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आज ते मोठं शहर आहे, पण तिथला माणूस पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. सैनिकांसाठी पाडलेले पाच भाग तात्पुरतेच होते. तात्पुरती रेघ किती वर्षं राहील हे ती मारणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून ती मारताना हात जपायला हवा. किल्लारीच्या भूकंपानंतर गावं नव्याने वसवली तेव्हा जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं झाली, रस्ते रुंद नि सरळ. घरं मजबूत झाली, ते महत्त्वाचं होतंच. पण गल्लीतली माणसं लांब गेली.

माळावर परत येते.

ऑगस्टच्या शेवटी काकींच्या मुलाने वरच्या घराच्या जोत्याचा एक चिरा काढून आणला. जांभ्याचा, चांगला जाड, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. जुन्या घराची ती पायरी होती. कंटेनरचं दार उंच, म्हणून चढायला तो दाराशी ठेवला. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा चिरा दारासमोरून सरकून खोलीच्या कोपऱ्याशी गेला होता आणि काकी त्यावर आडव्या बसून भात निवडत होत्या. तिथून दोन ओळींच्या मधली बोळ दिसायची. बोळीतून जाणारी माणसं दिसायची. मी विचारलं, मग दारात चढता कशा? त्यांनी हात केला. दाराशी एक प्लास्टिकचा क्रेट उलटा घातला होता. चढायला काहीही चालतं. बसायला मात्र चिराच हवा होता.

तिसऱ्या खेपेला समोरच्या कोपऱ्याशी दुसरा चिरा आला होता. मग दोन चिऱ्यांवर फळी. मग दोन कंटेनरच्या टोकांना बांधून निळी ताडपत्री. पडवी झाली की ती. दिवाळीच्या आसपास दोन घरांनी पहारी लावून, खाली जुने पाइप घालून, दहा-बारा जणांनी 'हेइसा' करत एक कंटेनर चक्क फिरवला, समोरच्याच्या तोंडाला तोंड करून. ज्यांच्याकडे त्या वस्तीची जबाबदारी होती, तिथून एक जण येऊन हरकत घेऊन गेला. क्रमांक जुळत नाहीत म्हणाला. त्याचं काम त्याला होतं, मी समजू शकते. पण त्या संध्याकाळी त्या दोन घरांच्या मधल्या जागेत पोरांनी लगोरी मांडली होती आणि चार बायका भाकरीचं पीठ मळत बोलत होत्या, हे त्याच्या वहीत कुठे लिहायचं?

पोरांवरून मला ॲमस्टरडॅम आठवतं, जिथे मी कधी गेलेले नाही. महायुद्धानंतर त्या शहरात पडीक तुकडे खूप होते. काही तर अशा घरांचे, ज्यांतली ज्यू कुटुंबं छळछावण्यांत नेली गेली आणि शेवटच्या उपासमारीच्या हिवाळ्यात ज्यांचं लाकूड लोकांनी जळणाला नेलं. महापालिकेत नोकरीला असलेल्या आल्डो व्हॅन आयक या तरुण वास्तुकाराने १९४७ मध्ये मुलांसाठी पहिली खेळायची जागा केली. वाळूचा हौद, लोखंडी दांड्या, चार बाकं, आणि भोवती कुंपण नाही. पुढच्या तीस वर्षांत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. लोक पत्र लिहून मागायचे, आमच्याही गल्लीत करा. मला यात सगळ्यांत भिडतं ते हे, की त्यांनी मोठं मैदान एका कडेला नेऊन ठेवलं नाही. घरांच्या मधलीच जागा धरली, जिथे आई खिडकीतून बघू शकते.

म्हणून कायमच्या पुनर्वसनाचा लेआउट दाखवायची बैठक शाळेत ठेवली, तेव्हा मी मुद्दाम गेले. फळ्यावर नकाशा लावला होता. सरळ प्लॉट, नऊ मीटरचा रस्ता, नियमाप्रमाणे दहा टक्के ओपन स्पेस. ती एका कोपऱ्यात, जमिनीचा जो तिरका तुकडा प्लॉटला येत नव्हता तिथे. मीही माझ्या लेआउटमध्ये आजवर ती तिथेच ठेवत आले. इंजिनिअर तरुण होता, मनापासून समजावत होता. त्याचं बोलून झाल्यावर मागून एक म्हातारे मानकरी उठले.

"सहाण कुठं हाय?"

"ओपन स्पेस आहे ना बाबा, इथे."

"म्हंजे पालखी कोपऱ्यात नाचवायची?"

कुणी हसलं नाही. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर बसते, गाऱ्हाणं होतं, खालूबाजा वाजतो, मग ती घराघरात जाते आणि बायका ओटी भरतात. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात ते याच्यासाठी. पालखीची वाट ठरलेली असते. वाडीचा खरा नकाशा हाच, आणि तो कुठल्याच कागदावर नसतो. इंजिनिअरने पेन्सिल काढली आणि म्हाताऱ्यांना विचारलं, पालखी कुठून कुठे जाते? मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं.

पण त्या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली, ती सांगितली नाही तर मी जुन्या वाडीचं खोटं चित्र काढल्यासारखं होईल. मागच्या बाकावर बौद्धवाडीतली एक मुलगी बसली होती, महाडला कॉलेजात जाणारी. तिने नकाशावर बोट ठेवलं. त्यांच्या घरांचे प्लॉट शेवटच्या ओळीत होते, सगळे एकत्र, ओढ्याच्या बाजूला. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. यादी जुन्या वाडीच्या क्रमाने आली होती आणि जुन्या वाडीत त्यांची घरं शेवटीच होती. ती म्हणाली, "सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यातून काढा." चवदार तळं तिथून फार लांब नाही. २० मार्च १९२७ ला त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसं चालत गेली होती, कारण पाण्याकडे जाणारी वाट कुणाच्या दारावरून जाते आणि कुणाला त्या वाटेवर पाय ठेवू देत नाहीत, हाच तेव्हा गावाचा नकाशा होता. पाखाडीबद्दल मी वर एवढं प्रेमाने लिहिलं. ती पाखाडी सगळ्यांच्या घरापर्यंत जात नव्हती, हे मला त्या मुलीने दाखवलं.

चिठ्ठ्या एकाच डब्यातून निघाल्या. थोडा गलका झाला, दोन माणसं उठून गेली, पण निघाल्या. भावकी मोडली म्हणून काहींना वाईट वाटलं. नंतर कुणी कुणी आपसात प्लॉट बदलून घेतले, तेवढं त्यांना करू दिलं. ओपन स्पेस मध्यभागी आली. ओळी जोडीजोडीने समोरासमोर झाल्या, त्या रात्री मी आणि त्या इंजिनिअरने बसून ते जमवलं, चार प्लॉट थोडे वाकडे झाले. रस्ता मात्र नऊ मीटरचाच राहिला. अग्निशमनाची गाडी आत यायला हवी, आणि दरडीतून बाहेर पडलेल्या माणसांना मी अरुंद पाखाडी हवी असं कुठल्या तोंडाने सांगणार होते?

जागा सुधारली की माणसं जुळतातच, असं मी म्हणत नाही. बोस्नियातल्या मोस्तारचा १५६६ चा दगडी पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये तोफांनी पाडला गेला आणि जुलै २००४ मध्ये तसाच पुन्हा बांधून खुला झाला. त्याच शहरातल्या जुन्या शाळेत एका इमारतीत दोन समाजांची मुलं दोन वेगळे अभ्यासक्रम शिकतात. पूल आहे, तो ओलांडायचं कारण कमी झालंय. आणि बैरूतमध्ये उलट झालं. पंधरा वर्षांच्या यादवीआधी हुतात्मा चौकात सगळ्या धर्मांची माणसं बाजाराला आणि शेअर टॅक्सी पकडायला येत. १९९४ मध्ये एका कंपनीकडे तो भाग आला, जुन्या मालकांना जागेच्या बदल्यात शेअर मिळाले, आणि इतकं देखणं नि महाग केंद्र उभं राहिलं की साध्या माणसाला तिथे जायचं काही कामच उरलं नाही. भाजी घ्यायला जिथे जावं लागत नाही, तिथे परक्या माणसाशी बोलणं होत नाही.

मार्च २०२२ चा शिमगा मी माळावर पाहिला. नवीन घरं अजून व्हायची होती. पालखी कंटेनरच्या ओळींमधून न्यायची, तर बोळ अपुरी. तासाभरात लोकांनी पाण्याच्या टाक्या सरकवल्या, मोटरसायकली काढल्या, ताडपत्र्या सोडल्या, फळ्या उचलल्या. काकींचा चिरा तेवढा राहिला, तो जड होता. पालखी तिथे आली तेव्हा खांदेकऱ्यांनी ती त्या चिऱ्यावरच क्षणभर टेकवली. काकींनी नारळ पुढे केला, ओटी भरली आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी टाक्या परत जागेवर गेल्या, ताडपत्र्या परत बांधल्या गेल्या.

घरं मिळायला त्यानंतर दोन पावसाळे गेले. सामान हलवायच्या दिवशी मी गेले होते. नव्या घरांना सिमेंटच्या तीन पायऱ्या आहेत, वर लादी लावलेली. मुलगा म्हणाला, आता चिरा कशाला, राहू दे इथेच. काकी काही बोलल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी टेम्पोवाल्याने आणि मुलाने मिळून तो उचलला. तो आत ढकलायला लागले तेव्हा काकींनी थांबवलं. आधी कपाट, पलंग, भांड्यांची पोती, गॅस, सगळं चढवायला लावलं, आणि चिरा सगळ्यात शेवटी, फाळक्याला लागून ठेवायला सांगितला.

"म्हंजे तिकडं पहिला उतरंल," त्या म्हणाल्या.